सिग्नल, बाण आणि चालणारी पेशी

पेशींमधील संकेतवहन शिकवताना रेल्वेच्या सिग्नलची उपमा देण्याची पद्धत आता इतकी रूढ झाली आहे, की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. बाहेरून संकेत आला, पेशीपटलावरच्या ग्राहीने तो घेतला, एका प्रथिनाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि पेशी चालू लागली. फळ्यावर पाच नावे, चार बाण. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मूळ गाठ सोडून बाहेर का पडतात हे सांगताना मराठी विज्ञानलेखनात आणि वृत्तपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांतही हेच चित्र येते. त्याच्याखाली बहुधा एक आशादायक वाक्य असते, की यातला एखादा बाण तोडणारे औषध सापडले म्हणजे रोगाचा प्रसार थांबेल. आमचा आक्षेप या चित्रावर आहे. त्यातला प्रत्येक बाण खरा असू शकतो. तरीही चित्र अर्धे राहते, आणि राहिलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे माणसे उपचाराबाबत घातक निर्णय घेतात.

कुर्डुवाडीच्या शिक्षकांना तर ही उपमा टाळणे अवघडच. गावच जंक्शनभोवती वाढलेले. पण आमच्या मते इथे सिग्नलपेक्षा चांगली उपमा गावाच्या इतिहासातच आहे. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तेव्हा मुंबई-सोलापूर मार्गावरच्या आपल्या स्टेशनाचे नाव बार्शी रोड असे होते. मोठ्या लाइनीचे रूळ साडेपाच फुटांचे, बार्शीकडे जाणारे अडीच फुटांचे. मोठ्या लाइनीचा डबा पुढे जाऊच शकत नसे. माल इथे उतरवून धाकट्या डब्यांत भरावा लागे. या शतकाच्या पहिल्या दशकात बार्शीकडची लाइन रुंद झाली आणि ही उतरवाउतरवी संपली. आजच्या विद्यार्थ्यांनी ती पाहिलेली नाही, पण घरातल्या आजोबांना विचारले तर ते सांगतील.

पेशीपटलावर घडते ते या उतरवाउतरवीसारखे आहे. ईजीएफ नावाचे वाढ-प्रथिन घेऊ. ते शोधून काढल्याबद्दल स्टॅनले कोहेन यांना १९८६ सालचे नोबेल पारितोषिक रिटा लेव्ही-माँताल्चिनी यांच्यासह मिळाले. हे प्रथिन संदेश देण्यासाठी पेशीच्या आत शिरत नाही. पटलावरच्या ग्राहीच्या बाहेरच्या टोकाला ते चिकटते, त्यामुळे दोन ग्राही जोडीने जवळ येतात आणि त्यांची आतली टोके एकमेकांवर फॉस्फेटचे गट बसवतात. त्या फॉस्फेटांना धरून आतली वेगळीच प्रथिने गोळा होतात. बाहेरचा डबा बाहेरच राहिला, आतल्या डब्यांचा प्रवास सुरू झाला. उपमेत एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. कुर्डुवाडीला निदान पोती तरी तीच पुढे जात. पेशीत पोतीही जात नाहीत, फक्त ‘माल आला’ एवढी वर्दी जाते. आणि एका पोत्याच्या वर्दीवर आत शंभर डबे सुटू शकतात.

इथपर्यंत बाणांचे चित्र चालते. पुढे पेशी प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू लागले की ते अपुरे पडते.

चालणाऱ्या पेशीला पुढची बाजू आणि मागची बाजू ठरवावी लागते. जिकडे संकेत अधिक, तिकडच्या पटलाच्या आतल्या अंगाला पीआय-३ कायनेज हे विकर एका विशिष्ट स्निग्ध रेणूचा साठा तयार करते. तिथे रॅक नावाचे छोटे प्रथिन जागे होते, अ‍ॅक्टिनचे तंतू भराभर लांबतात आणि पटल पुढे ढकलले जाऊन पातळ पाय निघतो. हा पाय इंटेग्रिन या प्रथिनांच्या साहाय्याने खालच्या धाग्यांना पकडतो. मागच्या बाजूला ऱ्हो नावाचे दुसरे प्रथिन मायोसिनला कामाला लावते. मायोसिन म्हणजे आपले स्नायू आखडतात तेच. ते आखडले की मागची पकड सुटते आणि पेशीचा देह पुढे ओढला जातो. म्हणजे ढकलणे, धरणे आणि सोडणे ही तिन्ही कामे पेशीच्या निरनिराळ्या जागी, एकाच वेळी, एकमेकांना सांभाळून व्हावी लागतात.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. पकड फार कमी असेल तर पेशी घसरते. फार घट्ट असेल तर जागची हलत नाही. मधल्या पकडीला तिचा वेग सर्वांत जास्त असतो. पावसाळ्यात माढा तालुक्यातल्या काळ्या रानातून चाललेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. पण फळ्यावरच्या बाणाला हे दाखवता येत नाही. बाण एवढेच म्हणतो की जितका संकेत अधिक तितके चालणे अधिक. ‘इंटेग्रिन वाढले म्हणून पेशी पळू लागली’ आणि ‘इंटेग्रिन वाढले म्हणून पेशी थांबली’ ही दोन्ही वाक्ये वेगवेगळ्या परिस्थितीत खरी असू शकतात. विद्यार्थ्याला त्यात विसंगती दिसली, तर दोष विद्यार्थ्याचा नव्हे, चित्राचा.

आपल्या राज्यातले एक चांगले उदाहरण घेऊ. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात गोपाल कुंडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्टिओपाँटिन या प्रथिनावर दीर्घकाळ काम केले. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले, की हे प्रथिन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना मिळाले की पीआय-३ कायनेज आणि एकेटी या मार्गाने त्यांची हालचाल वाढते आणि युरोकायनेज हे विकर त्या बाहेर सोडू लागतात. युरोकायनेजमुळे पेशीभोवतालचे धाग्यांचे जाळे तोडण्याच्या क्रियेला चालना मिळते, वाट मोकळी होते. काम नेटके आहे. एकेक दुवा अडवून त्याचा परिणाम पाहिलेला आहे. मग हा बाण फळ्यावर काढावा की नाही? जरूर काढावा. पण दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांनी एकेटी हे एकच प्रथिन नसून भावंडे आहेत याकडे लक्ष वेधले. स्तनाच्या पेशींत पहिल्या क्रमांकाचे एकेटी वाढीला आणि जगण्याला मदत करते, पण स्थलांतराला लगाम घालते. दुसऱ्या क्रमांकाचे एकेटी स्थलांतर वाढवते. सरसकट ‘एकेटी अडवा’ असे म्हणणाऱ्याने कोणत्या भावाला धरायचे?

टीजीएफ-बीटा या प्रथिनाची गोष्टही अशीच दुतोंडी आहे. रोगाच्या सुरुवातीला ते पेशींची वाढ रोखते आणि पुढे त्याच पेशींना शेजाऱ्यांचा हात सोडून चालायला लावते. त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

चालण्याचा हिशेब मात्र वर्गात अवश्य मांडावा. आठवी-नववीच्या गणितात बसतो. बशीत वाढवलेली कर्करोगाची पेशी तासाला साधारण १० ते ५० मायक्रोमीटर चालते. २० धरले तर दिवसाला अर्धा मिलिमीटरही भरत नाही. स्तनापासून कमरेच्या हाडापर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर धरले तर सरळ रेषेत, न थांबता, रस्ता न चुकता चालायला ८०० हून अधिक दिवस लागतील. आणि वाटेत कुणी अडवणार नाही हेही गृहीत धरलेले. रक्त मात्र साऱ्या शरीराचा फेरा सुमारे मिनिटभरात करते. तेव्हा पेशी चालते ती कमरेपर्यंत नव्हे. जवळच्या रक्तवाहिनीपर्यंत किंवा लसिकावाहिनीपर्यंत चालते. आपण स्टेशनापर्यंत पायी जातो, मुंबईपर्यंत नाही. हा फरक लक्षात आला, की ‘पेशीचे स्थलांतर’ आणि ‘रोगाचा दूरवर प्रसार’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरणे किती चूक आहे ते कळते. दुसऱ्याला डॉक्टर मेटॅस्टॅसिस म्हणतात. पहिले हा दुसऱ्याचा एक टप्पा, आणि अनेकदा सर्वांत कठीण टप्पाही नव्हे.

गाडीत बसलेला प्रवासी उतरतो कुठे आणि उतरून टिकतो का, हा पुढचा प्रश्न. उंदरांच्या रक्तात सोडलेल्या कर्करोगाच्या पेशींपैकी शेकडा एकाहूनही कमी पेशी नवी गाठ धरतात, असे १९७० पासूनचे प्रयोग सांगतात. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी पाहून १८८९ सालीच म्हटले होते, की रोग अवयवांत कसाही विखुरत नाही. बियाणे वाऱ्यावर सर्वत्र जाते पण मानवेल त्या मातीतच रुजते. त्या मातीच्या ओढीचा एक रासायनिक धागा २००१ मध्ये हाती आला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ नावाचा ग्राही भरपूर असतो, आणि त्याला जुळणारे प्रथिन फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा आणि लसिकाग्रंथी यांत मुबलक तयार होते. नेमके हेच अवयव या रोगाची नेहमीची मुक्कामाची ठिकाणे. १८८९ च्या निरीक्षणाला ११२ वर्षांनी मिळालेली ही जोड वर्गात सांगण्यासारखी आहे. पॅजेटपाशी सूक्ष्मदर्शकापेक्षाही जास्त उपयोगी पडला तो हिशेबनीसाचा चिवटपणा.

चालणे आणि रुजणे यांतला विरोध सर्वांत स्पष्ट दाखवणारा प्रयोग २०१९ चा आहे. ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी बांधून ठेवते. ते गेले की पेशी सुटतात, म्हणून ते गमावणे म्हणजे रोग पसरणे, असे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले. वीणा पद्मनाभन, अँड्र्यू इवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उंदरांतील आणि मानवी स्तन-कर्करोगाच्या नमुन्यांतून हे प्रथिन काढून टाकले. अपेक्षेप्रमाणे पेशी अधिक जोराने आजूबाजूला घुसू लागल्या. पण त्या अधिक प्रमाणात मेल्याही, आणि दूरच्या गाठी कमी झाल्या. जास्त चालणाऱ्या पेशी, कमी पसरलेला रोग. एकच बाण काढणाऱ्याला हा निकाल पचवता येत नाही.

आणि हा वाद केवळ पुस्तकी नाही. धाग्यांचे जाळे तोडणारी विकरे अडवली तर पेशींची वाट बंद होईल, हा तर्क बिनतोड वाटतो. त्यावरून मॅरिमास्टॅट हे औषध तयार झाले. रोग आधीच पसरलेल्या स्त्रियांत त्याची तुलना बिनऔषधी गोळीशी करणारी चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. फायदा दिसला नाही. सांधे आणि स्नायू मात्र दुखू लागले. तर्क बशीत खरा होता. शरीरात त्या वेळेपर्यंत पेशी जाळे ओलांडून केव्हाच पुढे गेलेल्या होत्या, आणि जाळे तोडण्याचे त्यांचे मार्गही एकाहून अधिक होते.

न्यायाने बोलायचे तर उलट उदाहरणही दिले पाहिजे. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे पाचव्या-सहाव्या हिश्श्यात एचईआर-२ हा ग्राही प्रमाणाबाहेर असतो. त्याला अडवणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ पासून वापरात आले आणि त्याने अशा रुग्णांचे आयुष्य खरोखर वाढवले. बाण तोडून उपयोग होतो तो असा. पण कोणत्या रुग्णात तो बाण आहे हे आधी तपासावे लागते, आणि उपयोगाची खात्री बशीत नव्हे तर माणसांच्या तुलनेत होते.

बशीचे प्रयोग वाचायचे कसे, हे शिक्षकांनी म्हणूनच शिकून घ्यायला हवे. नेहमीची रीत अशी, की बशीच्या तळाला पेशींचा अखंड थर वाढवायचा, त्यावर टोकदार नळीने ओरखडा काढायचा आणि दोन्ही काठांच्या पेशी तो किती तासांत बुजवतात ते मोजायचे. एखादा अर्क घातल्यावर ओरखडा उशिरा बुजला, की ‘हळदीमुळे कर्करोगाच्या पेशींचे स्थलांतर थांबते’ अशी बातमी तयार. सांगलीच्या बाजारपेठेचा अभिमान आम्हालाही आहे. पण ओरखडा पेशींच्या विभाजनानेही बुजतो. मग थांबले ते चालणे की वाढणे? अर्काने पेशी मरत असतील तर त्या अर्थातच चालणार नाहीत, ते वेगळे मोजले का? बशीत जितके कुर्क्युमिन घातले तितके हळद खाऊन रक्तात पोचते का? याचे उत्तर सरळ नाही असे आहे, कारण आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते. आणि शेवटी, ओरखड्याची बशी सपाट आहे. तिच्यात रक्तवाहिनी नाही, शेजारच्या पांढऱ्या पेशी नाहीत. गाठीतल्या भक्षक पेशी ईजीएफ सोडून कर्करोगाच्या पेशींना पुढे बोलावतात आणि कर्करोगाच्या पेशी दुसरे प्रथिन सोडून त्या भक्षक पेशींना, हे उंदरांच्या जिवंत गाठींत दिसलेले देवघेवीचे चक्र सपाट बशीत एकट्या पेशींना ठाऊकच नसते.

या सगळ्या पार्श्वभूमीवर मुंबईच्या टाटा रुग्णालयाने केलेली एक चाचणी आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०११ पासून देशातल्या ११ केंद्रांवर १६०० स्त्रिया तिच्यात घेतल्या. सर्वांची शस्त्रक्रिया आधी ठरलेली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्या जणींना शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीच्या सभोवती लिडोकेनचे इंजेक्शन दिले. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात तेच औषध. २०२३ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. रोग पुन्हा न उद्भवता जगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६.६ आणि ८२.६ टक्के. शंभरात चार, आणि खर्च अगदी किरकोळ.

कल्पना संकेतवहनाचीच होती. कर्करोगाच्या पेशींच्या पटलावर सोडियमची दारे असतात. ती उघडली की पेशींची घुसखोरी वाढते असे बशीत आणि प्राण्यांत दिसले होते. लिडोकेन ती दारे बंद करते. शस्त्रक्रियेच्या हाताळणीचा धक्का पेशींना ‘जाणवू’ नये, म्हणून ती आधी बधिर करायची.

कौतुक करून इथे थांबणे सोपे आहे, पण समीक्षकाला ते शोभत नाही. दुसऱ्या गटाला खारे पाणीही टोचलेले नव्हते. कुणाला काय मिळाले हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना ठाऊक होते. मृत्यूची नोंद असल्या माहितीने सहसा बदलत नाही, तरी ही उणीव नोंदवावी लागते. दुसरे असे, की सोडियमची दारे खरोखर बंद झाली का हे या स्त्रियांत मोजलेले नाही. लिडोकेनचा परिणाम प्रतिकारशक्तीवर किंवा शरीराच्या ताणावर होऊनही हा फायदा झालेला असू शकेल. म्हणजे ‘फायदा झाला का’ याचे उत्तर चाचणी देते, ‘कोणत्या बाणामुळे’ याचे देत नाही. आम्हाला हा क्रम योग्यच वाटतो. मॅरिमास्टॅटच्या वेळी बाण माहीत होता आणि फायदा नव्हता.

आमची खरी काळजी ही चाचणी वर्गात किंवा गावात कशी सांगितली जाईल, याची आहे. ‘गाठीला सुरी लागली की कर्करोग पसरतो’, ‘सुई टोचून तपासली की उठतो’ ही समजूत आपल्या भागात नवी नाही. तिच्यापायी बायका गाठ पदराआड लपवून महिनोन्‌महिने घालवतात, आणि मग एके दिवशी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठतात तेव्हा उशीर झालेला असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी पेशींना चालना मिळू शकते एवढेच अर्धे वाक्य उचलले, तर विज्ञानाच्याच नावाने या समजुतीला बळ मिळेल. म्हणून आकडा पुन्हा वाचावा. दोन्ही गटांतल्या स्त्रियांची शस्त्रक्रिया झाली होती, आणि इंजेक्शन न मिळालेल्या शंभरांतल्याही ८६ जणी पाच वर्षांनी हयात होत्या. गाठीत सुई घालून तुकडा तपासणे ही जगभर निदानाची मान्य पद्धत आहे. सुईबरोबर चार पेशी हलल्या तरी हललेली पेशी म्हणजे रुजलेली पेशी नव्हे, हे वर पाहिलेच.

माहितीने फरक पडतो का, याचा पुरावा आपल्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या खेड्यांत तिचे कार्यकर्ते रुग्णालयात रुग्ण येण्याची वाट न पाहता स्वतः जाऊ लागले, लोकांशी लक्षणांविषयी बोलू लागले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान त्यामुळे आधीच्या टप्प्यावर होऊ लागल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. कोणतेही नवे औषध त्यात नव्हते. गाठीबद्दलही हेच बोलणे शाळेतून घरी जाऊ शकते, आणि ते नेताना ‘पसरतो’ या एका क्रियापदाच्या जागी निघणे, चालणे, वाहून जाणे आणि रुजणे ही चार क्रियापदे वापरायला पाच मिनिटे जास्त लागतात.